शादमान चौकाची वाट

बाबांना मॅच बघायची नव्हती. त्यांना लाहोरला जायचं होतं, आणि मार्च २००४ मध्ये आमच्यासारख्यांना लाहोरला जायचा एकच सरळ मार्ग होता, तो म्हणजे मॅचचं तिकीट.

आमचं मूळ गाव खेड, आताचं राजगुरुनगर. भीमेच्या काठी राजगुरूंचा वाडा आहे. बाबा खेडच्या शाळेत मास्तर होते आणि दर २३ मार्चला पोरांची रांग लावून ते वाड्यावर घेऊन जात. शिवराम हरी राजगुरू या वाड्यात जन्मला आणि १९३१ साली याच दिवशी संध्याकाळी लाहोरच्या जेलमध्ये भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासोबत फासावर गेला, हे सांगताना त्यांचा आवाज दर वर्षी त्याच ठिकाणी बसायचा. निवृत्त झाल्यावर एकदा मला म्हणाले, "पोरगा जन्मला ती जागा एवढी वर्षं दाखवली. गेला ती जागा मी स्वतः पाहिलेली नाही." मी तेव्हा पुण्यात बँकेत होते. ते वाक्य मनात राहून गेलं होतं.

१९८९ नंतर पहिल्यांदाच भारताचा संघ संपूर्ण दौऱ्यासाठी पाकिस्तानात जाणार असं ठरलं आणि मॅच बघायला जाणाऱ्यांना व्हिसा देणार अशा बातम्या आल्या. लाहोरला दोन एकदिवसीय सामने होते, रविवारी २१ तारखेला आणि बुधवारी २४ला. मधोमध २३ मार्च. बाबांनी वर्तमानपत्राचं ते कात्रण माझ्यासमोर ठेवलं आणि काहीच बोलले नाहीत.

एका एजंटाने दोन्ही मॅचच्या तिकिटांचे पैसे घेतले. हातात आली ती फक्त २१ची तिकिटं. उरलेली शेवटपर्यंत मिळाली नाहीत, पैसेही मिळाले नाहीत. पण एक तिकीट पुरेसं होतं. एरवी तिथल्या कुणाचं तरी बोलावणं लागायचं. या वेळी तिकीट हेच बोलावणं. दिल्लीला चाणक्यपुरीत पाकिस्तानच्या उच्चायुक्तालयाबाहेर आम्ही पहाटेपासून रांगेत उभे होतो. पुढेमागे सगळी तरणी पोरं, कुणाच्या गळ्यात ढोलकी, कुणाच्या खांद्यावर झेंडा. अर्जाच्या प्रती भरताना 'भेटीचा उद्देश' या रकान्यापाशी बाबांचं पेन थांबलं. मी म्हटलं, "बाबा, क्रिकेट लिहा." त्यांनी लिहिलं. मग बराच वेळ गप्प. परतताना म्हणाले, "लिहून दिलंय, तर आता मॅच मन लावून बघायला हवी." अमृतसरच्या गाडीत त्यांनी दोन्ही संघांची नावं पाठ केली, पाकिस्तानची आधी.

वाघा आम्ही चालत ओलांडली. अटारीला इमिग्रेशन, कस्टम, मग मोकळा रस्ता, मग फाटक. रस्त्यावर एक पांढरा पट्टा आहे. तेव्हा इकडचे हमाल डोक्यावरची गोणी त्या पट्ट्यापाशी आणत आणि तिकडचा हमाल ती स्वतःच्या डोक्यावर घेई. ओझं ओलांडे, माणूस ओलांडत नसे. बाबा ते बघत उभे राहिले, मागच्यांनी हाक मारेपर्यंत. पलीकडे पुन्हा अर्ज, पुन्हा शिक्के, आणि कस्टमच्या टेबलावर आमच्या पिशवीतली बाकरवडी. "ये क्या है जी?" मी म्हटलं, खाऊन बघा. खरं तर घाबरून म्हटलं होतं. त्याने एक तोंडात टाकली, दुसरी शेजारच्याला दिली आणि पिशवीची गाठ स्वतः बांधून दिली.

सीमेपासून लाहोर पंचवीस किलोमीटरसुद्धा नाही. पुण्याहून खेड याहून लांब आहे. वाटेत मोठा कालवा लागला, मग शालिमार बाग, मग एकदम शहर अंगावर आलं.

हॉटेलात पोचलो तर आमच्या नावाची खोलीच नव्हती. हजारो पाहुणे एका आठवड्यात आले होते, जागा मिळेल तिथे लोक झोपत होते. बाबांचं वय तेव्हा अडुसष्ट. ते लॉबीत पिशवीवर बसले. काउंटरवरच्या मुलाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, फोन उचलला आणि पंजाबीत कुणाशी तरी बोलला. फोन ठेवून मला म्हणाला, "बाजी, इछरा में मेरी खाला का घर है. ऊपर का कमरा खाली है. आप लोग वहाँ जाएँगे." जाल का, असं त्याने विचारलंच नाही. पत्ता बदलला म्हणून काय कळवायचं, कुठे कळवायचं, तेही खालाजींच्या, म्हणजे त्याच्या मावशीच्या, धाकट्या मुलाने आम्हाला स्कूटरमागे रिक्षात बसवून त्याच संध्याकाळी उरकून टाकलं.

खालाजी सत्तरीच्या. गुडघे गेलेले, त्यामुळे दिवसभर रस्त्याकडच्या खिडकीत खाटेवर बसून असत. इछरा म्हणजे बाजाराचा भाग. कापडवाले, बांगडीवाले, भाजीच्या गाड्या, त्यातून वाट काढणाऱ्या रिक्षा. मला वाटलं, या आवाजाचा त्यांना त्रास होत असेल. त्यांना मी तसं विचारलं. त्या म्हणाल्या, "बेटा, ये शोर नहीं, रौनक है." हा शब्द मी आधीही ऐकला होता, पण लाहोरात तो कसा वापरतात ते तिथेच कळलं. लग्नाहून आलेल्याला तिथे जेवण काय होतं हे नंतर विचारतात. आधी विचारतात, रौनक कैसी थी? माणसं किती होती, हसली का, रेंगाळली का, की जेवून पळाली, हे सगळं त्या एका प्रश्नात येतं. मराठीत आपण गर्दी म्हणतो तेव्हा त्यात थोडी तक्रार असते. त्यांच्या रौनकमध्ये तक्रार नाही. माणसं जमली म्हणजे घरावर, गल्लीवर प्रकाश पडला असं त्यांना मनापासून वाटतं.

बाबांना हे चटकन पटलं, कारण ते आळंदीच्या वारीत वाढलेले. माळकरी माणूस. गर्दीत कसं चालायचं ते त्यांनी मला लहानपणी शिकवलं होतं: पाय उचलायचा नाही, सरकवायचा, आणि पुढच्याच्या पाठीकडे बघायचं, जमिनीकडे नाही. रविवारी गडाफी स्टेडियमबाहेर आम्ही तसेच सरकत होतो. लाल विटांची उंच भिंत, तिच्या कमानी, आणि भिंतीपर्यंत पोचायला लोकांचा लोंढा. रंगवाले पोरगे डबे घेऊन फिरत होते. एका गालावर हिरवा, दुसऱ्यावर तिरंगा असं रंगवून घेतलेले कितीतरी चेहरे दिसले, आणि तो चेहरा कुठल्या बाजूचा ते बोलल्याशिवाय ओळखू येत नव्हतं. बायकांची झडतीची रांग वेगळी होती. मी पलीकडून बाहेर पडले तर बाबा कुठेच दिसेनात.

माझ्या पोटात गोळा आला. दोन-तीन मिनिटांनी पाहते तर पोलिसांच्या कठड्याजवळ आठ-दहा माणसांनी हात धरून कडं केलेलं, आणि मध्ये बाबा एका पायावर. कोल्हापुरीचा अंगठा तुटला होता. वाकून चप्पल उचलायला गेले असते तर मागचा लोंढा अंगावरून गेला असता, म्हणून अनोळखी लोकांनी कडं केलं होतं. एकाने चप्पल शोधून आणली आणि आपल्या रुमालात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. कुणी कुणाला नाव विचारलं नाही. कडं सुटलं आणि माणसं आपापल्या फाटकाकडे गेली.

मॅच बाबांनी खरंच मन लावून बघितली. पाकिस्तानने २९३ केल्या, त्यात इंझमामच्या १२३. त्याचं शतक झालं तेव्हा बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते, एक पाय अनवाणी. शेजारी एक कुटुंब होतं, नवरा-बायको, तीन मुली आणि जेवणाचा भला मोठा डबा. आपली फलंदाजी सुरू झाली आणि ५ बाद १६२ झालं. मोठ्या मुलीने बाबांचा चेहरा पाहिला आणि त्यांच्या हातात संत्रं ठेवलं. "अंकल जी, अभी मैच बाकी है." तिचं खरं झालं. द्रविड आणि कैफ शेवटपर्यंत आउट झाले नाहीत, पाच षटकं शिल्लक असतानाच जिंकलो. मला वाटलं होतं की आता स्टेडियम रिकामं होईल, लोक मान खाली घालून जातील. दुःख झालंच होतं त्यांना, चेहऱ्यांवर दिसत होतं. पण बाहेर पडताना जिथे तिरंगा दिसेल तिथे लोक थांबून हात पुढे करत होते. मुबारक हो जी, मुबारक हो. त्या तीन मुलींचा बापसुद्धा मुबारक म्हणाला, आणि मग एकदम म्हणाला, "बुधवार को देखेंगे."

रात्री अकरा वाजता, दमलेल्या माणसाला झोपू द्यायचं सोडून, खालाजींच्या धाकट्याने आम्हाला गवालमंडीला नेलं. लाहोर रात्री जेवतं. ही गल्ली संध्याकाळनंतर गाड्यांना बंद असे. दोन्ही बाजूंना जुनी घरं, कोरीव लाकडी सज्जे, त्यांवर दिवे, आणि खाली रस्ताभर टेबलं-खुर्च्या. कडेवरची बाळं, काठी टेकणारे आजोबा, नुकतं लग्न झालेली जोडपी, सगळं शहर मध्यरात्री जेवायला बसलेलं. सगळ्यात मोठा आवाज टकाटकचा. मोठ्या सपाट तव्यावर दोन्ही हातांतल्या कालथ्यांनी मांस बारीक करत राहायचं, आणि ते इतक्या ठेक्यात की डोळे मिटले तर कुणी ताशा वाजवतंय असं वाटावं.

बाबा माळकरी आहेत हे तव्यावरच्या माणसाला समजावून सांगायला मला वेळ लागला. अंडंही नाही? नाही. यखनी, म्हणजे मांसाचं पाणीही नाही? नाही. तो विचारात पडला. मग त्याने पोऱ्याला हाक मारली, कोपऱ्यातला वेगळा तवा उतरवला, राख आणि मीठ घेऊन तो आमच्या डोळ्यांसमोर घासला, धुतला, पुन्हा घासला आणि बाबांसमोर धरला. बाबांनी मान हलवल्यावरच तो चुलीवर चढला. मग लोणी, आल्याच्या काड्या, हिरवी मिरची, आणि शिजवलेली पांढरी डाळ, दाणा न दाणा सुटा. "माश की दाल है बुजुर्गो." बाबांनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, ही आपली उडदाची डाळ!" शेजारच्या टेबलावर लगेच चौकशी झाली, बुजुर्ग काय म्हणाले? मी सांगितलं. ते पुढच्या टेबलाला गेलं. "उडीद, उडीद," असा तो शब्द गल्लीतून चार-पाच टेबलं पुढे गेलेला मी स्वतः ऐकला.

सोमवारी चप्पल दुरुस्त करायची होती. धाकट्याचा हट्ट होता की नवीन खुस्से, म्हणजे तिकडचे जोडे, घेऊन देतो. बाबा म्हणाले, हीच चप्पल घालून मला उद्या जायचंय. कुठे जायचंय ते अजून त्या घरात आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. परदेशात आलोय, नको तो विषय, असं मला वाटत होतं.

अनारकली बाजाराच्या तोंडाशी, नीला गुंबदजवळ सायकलींची दुकानं होती. तिथे एका भिंतीला टेकून मोची बसला होता, पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड भिंगं. त्याने कोल्हापुरी हातात घेतली, उलटी केली, नखाने शिवण चाचपली, नाकाशी नेली. "कील कोई नहीं?" बाबा म्हणाले, एकही नाही, सगळी वादीची शिवण. "किसने बनाई?" हमारे उधर के कारीगर. तो पुन्हा बघायला लागला, आणि तेवढ्यात लोक जमायला सुरुवात झाली. लाहोरात कुठलंही काम एकटं होत नाही, हे मला त्या पाच दिवसांत पुरतं कळलं. सायकलवाला आला, कॉलेजचे दोन विद्यार्थी आले, उसाच्या गंडेरीची टोपली घेतलेला एकजण डोक्यावरचा भार खाली ठेवून उभा राहिला. एकाने सल्ला दिला, सरेस लावा. दुसरा म्हणाला, छोटासा खिळा ठोका, दिसणारही नाही. मोची एकदम तापला. "जिस जूती में उस्ताद ने कील नहीं लगाई, उसमें मैं लगाऊँ?"

मग त्याने कातड्याच्या तुकड्यातून सुतळीएवढी वादी कापली, पाण्यात भिजवली, मांडीवर पीळ दिला आणि आरीने जुन्या भोकांतूनच ओवत अंगठा पुन्हा बसवला. नवीन भोक एकही पाडलं नाही. अर्धा तास लागला असेल. बाबांनी पाय घालून दोन पावलं टाकली, तेव्हा भोवतीच्या लोकांनी स्वतःचीच चप्पल झाल्यासारखं एकमेकांकडे पाहिलं.

पैसे तो घेईना. "मेहमान से नहीं." त्या आठवड्यात रिक्षावाले, चहावाले सगळे असंच म्हणत होते, आणि मी दोनदा हात जोडून गप्प बसले होते. बाबा मात्र ऐकेनात. कष्टाचे पैसे घेतलेच पाहिजेत, नाहीतर मी ही चप्पल घालणार नाही, असं त्यांनी त्यांच्या मराठी वळणाच्या हिंदीत सांगितलं. झालं, जमलेल्यांत दोन तट पडले. गंडेरीवाला म्हणे, पाहुण्याकडून घेणं शोभत नाही. सायकलवाला म्हणे, बुजुर्गांचं बरोबर आहे, मजुरी हलाल आहे, नाकारायची कशाला. शेवटी ठरलं ते असं, की मोचीने पैसे घ्यायचे आणि सगळ्यांना चहा पाजायचा. नऊ कप चहा आला. मजुरीतले पैसे उरले नसणार, उलट पदरचे गेले असणार. चहा पिताना त्याने सहज विचारलं, कुठे जायचंय असं, की हीच जूती हवी?

आणि बाबांनी सांगून टाकलं. आमच्या गावचा एक मुलगा होता, इथे फाशी गेला. उद्या त्याचा दिवस आहे.

क्षणभर कुणी बोललं नाही. मग एक विद्यार्थी म्हणाला, "भगतसिंग वाला केस?" बाबा म्हणाले, हो, राजगुरू. १७ डिसेंबर १९२८ला साँडर्स या इंग्रज पोलीस अधिकाऱ्यावर पहिली गोळी त्याने झाडली, ते इथून जवळच ना? विद्यार्थ्याने हाताने दिशा दाखवली, तिकडे, कचेऱ्यांच्या बाजूला. मोचीने भिंगं काढून पुसली. जेल आता नाही, म्हणाला, ती पाडून शादमान नावाची वस्ती वसवली. "शादमान चौक जाइए. इछरा से तो दस मिनट है." म्हणजे आम्ही दोन रात्री ज्या घरात झोपत होतो, तिथून ती जागा पायी जाण्यासारखी होती.

घरी आल्यावर बाबांनी खालाजींनाही सांगितलं. त्या माझ्यावर रागावल्या, आधी का नाही सांगितलंस म्हणून.

२३ मार्च त्यांच्याकडे सुट्टीचा दिवस. १९४० साली याच तारखेला लाहोरच्या मिंटो पार्कात मुस्लिम लीगचं अधिवेशन भरलं होतं आणि वेगळ्या देशाचा ठराव आला होता. तिथे आता मिनार-ए-पाकिस्तान उभा आहे. धाकट्याने सकाळी आम्हाला आधी तिथे नेलं. झेंडे घेतलेली पोरं, सतरंज्या अंथरून बसलेली कुटुंबं, फुगे, भाजलेले हरभरे, पलीकडे बादशाही मशिदीचे घुमट. बाबा एका बाकावर बसून नुसते बघत होते. एकाच तारखेला दोन घरांत दोन वेगळे दिवे लागतात, तसं काहीसं मला वाटलं, आणि दोन्हीकडे उजेड होता. ते मनापासून सण साजरा करत होते. त्यात आम्हाला कुणी परकं केलं नाही.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला आम्ही निघालो. वाटेत फुलवाला होता. लाहोरात फुलं विकतात ती मुख्यतः गुलाबाच्या पाकळ्या, कबरींवर वाहायला, आणि मोगऱ्याचे गजरे. बाबांनी पाकळ्या मागितल्या. तराजूत टाकता टाकता त्याने विचारलं, "कौन से मज़ार के लिए?" बाबांना उत्तर सुचेना. मग म्हणाले, "मज़ार नहीं है." तीच खरी गोष्ट होती. तिघांना ठरल्या वेळेच्या आदल्या संध्याकाळीच फाशी देऊन, देह रातोरात गुपचूप सतलजच्या काठी नेले होते. लाहोरला त्यांचं काहीच ठेवू दिलं नव्हतं. फुलवाल्याने आणखी काही विचारलं नाही. पाकळ्यांवर एक मूठ जास्त टाकली.

शादमान चौकात उभं राहिलो तेव्हा पोटात खड्डा पडला. नुसती वाहतूक. गाड्या, रिक्षा, स्कूटरवर चार-चार माणसं, सुट्टीवरून परतणारं अख्खं शहर त्या चौकातून वळत होतं. ना पाटी, ना दगड. बाबा कागदाची पुडी धरून फुटपाथवर उभे, आणि मला कळेना की त्यांना आता काय सांगू.

रसवाल्याने विचारलं, बाबाजी काय शोधताहेत? धाकट्याने सांगितलं. झालं, लोक जमले. एक म्हणाला, फाशीघर अगदी इथेच. दुसरा म्हणाला, नाही, थोडं पलीकडे, माझ्या वडिलांनी दाखवलं होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांना हाताला धरून आणलं गेलं, त्यांनी काठीने हवेत जुन्या भिंतीची रेघ काढून दाखवली: इथून भिंत, इथे दरवाजा, आत बराकी. त्यावरही दोघांचं एकमत झालं नाही. मला आधी त्या वादाचा त्रास होत होता. मग बाबांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. ते एकेकाचं बोलणं मान हलवत ऐकत होते, वर्गात मुलांचं ऐकायचे तसे. त्र्याहत्तर वर्षांनंतर, सुट्टीच्या संध्याकाळी, त्या मुलाच्या शेवटच्या जागेवरून दहा-बारा माणसं तावातावाने बोलत होती. तो विसरला गेलेला नव्हता.

बाबांनी चप्पल काढली. रसवाल्याचा पोऱ्या आणि धाकटा रस्त्यात उतरले आणि त्यांनी दोन्ही हात वर करून गाड्या थांबवल्या. हॉर्न वाजले, मग पुढच्यांनी मागच्यांना काहीतरी सांगितलं आणि ते थांबले. बाबा अनवाणी मध्यापर्यंत गेले, पाकळ्या वाहिल्या, हात जोडले आणि तोंडातल्या तोंडात तीन नावं घेतली. अर्ध्या मिनिटाचं काम. ते परत फुटपाथवर येईपर्यंत वाहतूक पुन्हा सुरू झाली आणि पाकळ्या चाकांबरोबर चारी दिशांना गेल्या. आवाज बसलेला होता, तरी ते रसवाल्याला म्हणाले, "एक ग्लास देना."

बुधवारी आमच्याकडे तिकीट नव्हतं. मॅच आम्ही इछऱ्यातल्या एका कापडाच्या दुकानात टीव्हीवर पाहिली. दुकानात चाळीस माणसं, रस्त्यावर त्याच्या दुप्पट. बाबांना गादीवर बसवलेलं. लक्ष्मणच्या १०७, आपल्या २९३. इंझमामने उंच मारलेला चेंडू सचिनने सीमारेषेपाशी पकडला, तेव्हा दुकानात स्मशानशांतता पसरली, आणि मग मागून कुणीतरी म्हणालं, "कैच तो देख यार!" आणि टाळ्या. आपण ४० धावांनी जिंकलो, मालिका ३-२. दुकानदाराने टीव्ही बंद करून बाबांना मिठी मारली.

गुरुवारी रात्री बाबा शाह जमालला जाऊ या म्हणाले. दर गुरुवारी रात्री तिथल्या दर्ग्यावर पप्पू साईं ढोल वाजवत, हे त्यांनी खालाजींकडून ऐकलं होतं. दर्ग्याच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. मला बायकांच्या बाजूला उंचावर जागा मिळाली, तिथून सगळं दिसत होतं. ढोल गळ्यात, एका हातात वाकडा जाड डग्गा, दुसऱ्यात बारीक तीली, केस मोकळे. आधी हळू, मग चढत चढत, आणि मग गळ्यातल्या ढोलासकट ते गिरक्या घ्यायला लागले. ढोल आडवा हवेत तरंगत होता आणि ठेका एकदाही चुकला नाही. भोवती माणसं धमालीत, म्हणजे दर्ग्यावरच्या बेभान नाचात, माना झोकत होती. त्या गर्दीत मला बाबांची पांढरी टोपी दिसली. ते नाचत नव्हते. त्यांचे दोन्ही हात छातीजवळ होते आणि बोटं हलत होती, टाळ धरल्यासारखी.

परतताना रात्रीचा एक वाजून गेला होता. रिक्षा शादमान चौकातून गेली. तेव्हाही तिथे पाच-सहा माणसं उभी राहून काहीतरी खात होती.

पुढच्या वर्षी २३ मार्चला आम्ही खेडला होतो. सकाळी वाड्यावरचा कार्यक्रम झाला. संध्याकाळी साडेसातला, म्हणजे लाहोरात सातला, फोन वाजला. खालाजींचा धाकटा. बाबांनी फोन घेतला. सलाम झाला, खालाजींच्या गुडघ्यांची चौकशी झाली. मग तो म्हणाला, "बाबाजी, सुनिए," आणि त्याने फोन रस्त्याकडे धरला. बाबांनी मला जवळ ओढलं आणि रिसीव्हर दोघांच्या कानांच्या मध्ये धरला. हॉर्न, रिक्षांची फटफट, कुणाचं तरी हसणं, आणि अगदी जवळून रसवाल्याची हाक.